आईच्या घशातला गोळा, ‘तुंबलेली ची’ आणि चिनी अक्षरांचे पाकीट

वर्धाकाठ

नमस्कार. माझे माहेर आर्वी तालुक्यातले. नोकरीमुळे मी वर्ध्याला राहते आणि दर शनिवारी आईकडे जाते. आईचे वय ५८ आहे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, शेताचा सगळा भार धाकट्या भावावर आला आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने आमच्या कपाशीची निम्मी बोंडे पोखरली. त्या सगळ्या दिवसांत आई एकदाही मोकळेपणाने रडली नाही. आल्यागेल्याला चहा करून देत राहिली. सात-आठ महिन्यांनी मात्र तिच्या घशात काहीतरी अडकल्यासारखे होऊ लागले. तिचेच शब्द लिहिते : ‘माह्या गयात बोराची आठोयी अटकल्यावानी वाटते, गियलं तं जात नाई, थुकलं तं येत नाई.’ जेवताना घास नीट उतरतो, पाणीही उतरते, पण हात रिकामे झाले की तो गोळा जाणवू लागतो. छातीत धडधड होते, पहाटे तीनच्या सुमारास जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. यंदा पहिल्या वेचणीच्या वेळी सीतादहीलाही ती शेतात आली नाही. ही पूजा तिने आजवर कधी चुकवली नव्हती.

थायरॉइडची तपासणी, हृदयाचा आलेख, घशाची दुर्बिणीतून तपासणी, हे सर्व करून झाले आणि सर्व अहवाल चांगले आले. सरकारी रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांनी चिंता आणि उदासीनतेचा आजार असल्याचे सांगून रोजची एक गोळी आणि अगदीच गरज पडली तर घ्यायची झोपेची एक गोळी लिहून दिली. आई रोजची गोळी चार दिवस घेते आणि दोन दिवस सोडते. विचारले तर म्हणते, ‘मी काय पागल हाओ?’

दिवाळीनंतर शेजारच्या वहिनी तिला तालुक्याच्या गावी चिनी पद्धतीने उपचार करणाऱ्या एका गृहस्थांकडे घेऊन गेल्या. त्यांनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि ‘तुमच्या यकृतात “ची”, म्हणजे प्राणशक्ती, तुंबली आहे’ असे सांगितले. मनगटाला, पायाच्या अंगठ्याजवळ आणि दोन भुवयांच्या मध्ये सुया लावल्या. त्या रात्री आई सलग सहा तास झोपली. दुसऱ्या दिवशी मात्र ‘आपले यकृत बिघडले’ या विचाराने तिने एवढा धसका घेतला की भावाला ८०० रुपये खर्चून तिची सोनोग्राफी करून आणावी लागली. यकृत उत्तम आहे. त्या गृहस्थांनी तपकिरी भुकटीचे एक पाकीटही दिले असून त्यावरची सर्व अक्षरे चिनी आहेत. दोन महिन्यांत रुग्णालयाची गोळी बंद करता येईल, असेही त्यांनी सांगितले आहे.

ची तुंबते म्हणजे नेमके काय होते, घशातल्या अशा गोळ्याला त्या वैद्यकात खरोखर काही स्थान आहे का, आणि हे उपचार पुढे चालू ठेवावेत का, हे मला समजून घ्यायचे आहे. ‘सगळे थोतांड आहे’ किंवा ‘डोळे मिटून घ्या’ एवढेच उत्तर मला उपयोगी पडणार नाही. ज्यांचा अभ्यास असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

साधा डॉक्टर, अचलपूर

ताई, तुमच्या आईंनी दिलेला बोराच्या आठोळीचा दाखला वाचून मी थबकलो, कारण चिनी वैद्यकात या तक्रारीचे नावच ‘मेई-हे-ची’ असे आहे. ‘मेई’ म्हणजे आलुबुखाराच्या कुळातले एक आंबट फळ आणि ‘हे’ म्हणजे त्या फळाची आठोळी. सुमारे १८०० वर्षांपूर्वी होऊन गेलेले वैद्य झांग झोंगजिंग यांच्या ‘जिनग्वेई याओल्युए’ या ग्रंथात, स्त्रियांच्या आजारांच्या प्रकरणात, ‘घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा असल्यासारखे वाटते’ असे तिचे वर्णन आहे. आठोळीचे नाव पुढच्या काळात रूढ झाले. आधुनिक वैद्यकही या तक्रारीला ओळखते आणि तिला ग्लोबस म्हणते. घास आणि पाणी व्यवस्थित उतरते आणि गोळा मात्र रिकाम्या वेळी जाणवतो, हीच तिची खूण आहे. म्हणजे तुमची आई काही कल्पना करीत नाही आणि नाटकही करीत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला आधी सांगा. मात्र पुढे कधी घास अडू लागला, वजन उतरले किंवा आवाज बसून राहिला, तर घशाची तपासणी पुन्हा करून घ्यावी लागेल.

मी आधुनिक वैद्यकाचा डॉक्टर आहे आणि बारा वर्षांपासून त्याच्या जोडीने ॲक्युपंक्चर, म्हणजे हाच सुयांचा चिनी उपचार, करतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो. त्या गृहस्थांनी ‘यकृत’ हा शब्द कोणताही खुलासा न करता वापरला, याचे मला वाईट वाटले. चिनी वैद्यकातील ‘गान’ या शब्दाचे भाषांतर यकृत असे होते हे खरे, पण सोनोग्राफीत दिसते ते यकृत आणि हे ‘गान’ यांत फार अंतर आहे. ‘गान’ हे शरीरात सर्व दिशांना ची मोकळी वाहू देणाऱ्या एका कार्याचे नाव आहे. राग गिळला, दुःख दाबले किंवा मनाविरुद्ध दीर्घकाळ जगावे लागले की हे कार्य अडते, असे ते वैद्यक मानते. ‘ची’ला आपल्याकडचा सर्वांत जवळचा शब्द प्राण हा आहे, तरी दोन्ही तंतोतंत एक नाहीत. ओलिताच्या पाटात गवत अडकले की एका वाफ्यात पाणी साचते आणि पुढचा वाफा कोरडा राहतो. ची तुंबणे म्हणजे साधारण तसे. साचलेल्या ठिकाणी कफ धरतो आणि तो कफ व ची मिळून घशाशी गोळा होतात, अशी मेई-हे-चीची उपपत्ती आहे. ही उपपत्ती शरीरशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेली नाही. पण दुःख दाबल्यावर ते देहातून बोलू लागते, हे निरीक्षण तिच्या मुळाशी आहे आणि ते मला फार मोलाचे वाटते.

त्या परंपरेत शरीर आणि मन यांच्यामध्ये भिंतच नाही. सुमारे २००० वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेईजिंग’ या ग्रंथात म्हटले आहे की रागाने ची वर चढते, आनंदाने सैल होते, शोकाने विरते, भीतीने खाली उतरते आणि अतिविचाराने तिला गाठ बसते. आनंदाचा संबंध हृदयाशी, रागाचा यकृताशी, अतिविचाराचा प्लीहेशी, शोकाचा फुप्फुसाशी आणि भीतीचा मूत्रपिंडाशी जोडलेला आहे. त्यामुळे ‘चिंता’ या एकाच आजाराचे एकच औषध तिथे नसते. कोणाची धडधड जास्त, कोणाची भूक गेली आहे, कोणाला सारखे उसासे येतात, हे पाहून आणि नाडी व जीभ तपासून उपचार ठरतो.

घशातल्या गोळ्यासाठी झांग झोंगजिंग यांनी दिलेला काढा ‘बानशिया होउपो तांग’ या नावाने आजही वापरात आहे. त्यात पाच द्रव्ये आहेत : सुरणाच्या कुळातला बानशिया हा कंद, सोनचाफ्याच्या कुळातल्या होउपो या झाडाची साल, पाइनच्या मुळांवर वाढणारी फूलिंग नावाची बुरशी, तुळशीच्या कुळातल्या एका वनस्पतीची पाने आणि ओले आले. कच्चे सुरण घशाला कसे खाजते हे तुम्हाला ठाऊक आहे. कच्चा बानशिया त्याहून वाईट असतो आणि त्यावर संस्कार केल्याशिवाय तो पोटात घेता येत नाही. त्याच ग्रंथात या काढ्याच्या लगेच पुढे दुसरी एक तक्रार येते. वारंवार दुःख दाटून येऊन रडू कोसळते, सारख्या जांभया येतात आणि बाईच्या अंगात कोणी संचारल्यासारखे वाटते. आपल्याकडे अशा बाईला अंगात आले म्हणून देवऋष्याकडे नेतात. त्या वैद्याने मात्र तो आजार मानून गहू, ज्येष्ठमध आणि लाल बोर यांचा काढा दिला. मला त्या ग्रंथातील ही नोंद विशेष प्रिय आहे, कारण तीत त्या बाईला दोष दिलेला नाही.

पुढे सोंग राजवटीतील सरकारी औषधसंग्रहात ‘शिआओयाओ सान’ हे चूर्ण आले. तुंबलेल्या यकृत-चीसाठी आजही बहुधा तेच दिले जाते. तुमच्या पाकिटात ते असू शकेल, पण अंदाजावर औषध घेता येत नाही.

आता सुयांविषयी. भुवयांच्या मधला बिंदू ‘यिनतांग’, पायाचा अंगठा आणि त्याशेजारचे बोट यांच्या हाडांमधला ‘ताईचोंग’, आणि मनगटावर बहुधा करंगळीच्या बाजूचा ‘शेनमेन’ किंवा मनगटाच्या रेषेपासून तीन बोटे वर, दोन कंडरांच्या (स्नायूंच्या दोऱ्यांच्या) मधला ‘नेईग्वान’. हे बिंदू नेहमीचेच आहेत आणि त्यांची निवड योग्य आहे. माझ्या रुग्णांना यामुळे त्या रात्री झोप लागते, धडधड काही काळ शांत होते, हे मी वारंवार पाहिले आहे. तरीही मी पाहिलेले आणि सिद्ध झालेले यांत अंतर आहे. नैराश्यावरील ॲक्युपंक्चरच्या ६४ चाचण्यांचा, म्हणजे ७,१०४ रुग्णांचा, आढावा कोक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत त्रास काहीसा कमी होत असावा, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. अनेक चाचण्यांत खोटी सुई, म्हणजे त्वचेत न शिरणारी किंवा भलत्याच जागी लावलेली सुई, खऱ्या सुईच्या जवळपास परिणाम दाखवते. शांत खोलीत अर्धा तास पडून राहणे आणि कोणीतरी आपली नाडी धरून आपली कहाणी ऐकणे, यात बराच गुण असावा असे मला वाटते, आणि तो गुण मी कमी लेखत नाही.

पहाटे तीनच्या जागेबद्दल मात्र सावध करतो. चिनी कालगणनेनुसार एक ते तीन ही यकृताची आणि तीन ते पाच ही शोक धरून ठेवणाऱ्या फुप्फुसाची वेळ, असे तुम्हाला कोणी सांगेल आणि बाबांच्या जाण्याशी ते जुळतेही आहे असे वाटेल. पण पहाटे लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे हे नैराश्याचे ठळक लक्षण आहे आणि ते मानसोपचारतज्ज्ञांना सांगितलेच पाहिजे. रोजच्या गोळीचा गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. चार दिवस घेऊन दोन दिवस सोडल्यामुळे तुमच्या आईंनी ती गोळी खऱ्या अर्थाने अजून घेतलेलीच नाही. सुया हव्या असतील तर गोळीच्या जोडीने घ्याव्यात. गोळी बंद करण्याचा निर्णय ज्यांनी ती लिहून दिली त्यांचाच असावा, आणि झोपेची गोळी रोजची झाली असेल तर ती एकदम तर मुळीच सोडू नये.

वर्धाकाठ

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. ‘यकृत म्हणजे ते यकृत नव्हे’ हे मी आईला फोनवर सांगितले, तेव्हा तिने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की मला तो ऐकू आला. गहू, ज्येष्ठमध आणि बोर तर घरचेच आहेत. तो काढा मी करून देऊ का? आईला बीपीची गोळी चालू आहे, हे आधी लिहायचे राहिले.

औषधखिडकी, पुसद

बाई, तुमची शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची आहे. ज्येष्ठमधातील ग्लायसिरायझिन हे द्रव्य शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. खोकल्यासाठी एखादी काडी चघळणे वेगळे आणि आठवडेच्या आठवडे रोज काढा घेणे वेगळे. बीपीच्या रुग्णात त्यामुळे दाब वाढू शकतो, आणि बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर पोटॅशियम आणखी उतरून हृदयाची धडधड, जिच्यासाठी आपण काढा देणार तीच, वाढू शकते. तेव्हा तो काढा नको. शिवाय शिआओयाओ सानमध्येही ज्येष्ठमध असतेच, म्हणून बंद पाकीटही नको.

मी सव्वीस वर्षे औषधे देण्याच्या खिडकीत बसलो आहे. ‘वनस्पतीचे आहे, अपाय नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकताच मी पाकीट मागून घेतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या मिश्रणात एका मुळीऐवजी दुसरी मुळी गेली. दोघींची चिनी नावे जवळजवळ सारखी होती. त्या दुसरीत ॲरिस्टोलोचिक आम्ल होते आणि शंभराहून अधिक स्त्रियांच्या मूत्रपिंडांना त्याने गंभीर इजा केली आणि अनेकींची ती निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. मनाच्या अस्वस्थतेपुरते बोलायचे तर जुन्या चिनी शामक गोळ्यांत हिंगूळ घालीत असत, म्हणजे पाऱ्याचे संयुग, कारण तो हृदयातल्या ‘शेन’ला, म्हणजे आपण चेतना किंवा चित्त म्हणू त्याला, जड करून खाली बसवतो अशी समजूत होती. तुमच्या पाकिटात असे काही आहे असे मी म्हणत नाही. पण घटक, मात्रा, उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक आणि मुदत यांपैकी काहीही वाचता येत नसेल तर ती भुकटी कोणाच्याच पोटात जाऊ नये.

सुया प्रत्येक वेळी नव्या, बंद पाकिटातून काढलेल्या आणि एकदाच वापरायच्या असल्या पाहिजेत. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरविषयी २०१५ चा कायदा आहे आणि उपचार करणाऱ्यांच्या नोंदणीसाठी परिषद आहे. त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. चांगला माणूस तो भिंतीवर लावून ठेवतो.

निवृत्त गुरुजी, दारव्हा

ही चर्चा वाचून राहवले नाही, म्हणून लिहितो. मी वैद्य नाही, पण चीनच्या इतिहासाचे वाचन मला जुन्या आवडीमुळे थोडेफार आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना ठाऊक असतात. त्याच पाच जणांत नागपूरचे डॉ. चोळकर होते, हे विदर्भातही फार जणांना माहीत नसते. त्या पथकातील कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून त्यांनी ते भारतात सुरू केले. आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेली ती सुई या वाटेने आपल्याकडे आली.

मला सांगायचे आहे ते मात्र सुईशिवायच्या एका चिनी उपचाराबद्दल, कारण त्याचा माझ्या घराशी संबंध आहे. चार वर्षांपूर्वी आषाढात माझी पत्नी सोयाबीनच्या शेतात असताना शेजारच्या धुऱ्यावरील कडुनिंबावर वीज पडली. झाडाखाली बांधलेला गोऱ्हा जागीच दगावला. तिला स्वतःला काही झाले नाही, पण त्यानंतर आभाळ भरून आले की ती घराच्या आतल्या खोलीत कानांवर हात ठेवून बसू लागली. पुढे टिनावर माकड उडी मारून गेले तरी तिचे हातपाय गार पडत. आम्ही सगळे तिच्यासाठी आवाज टाळू लागलो. भांडी हळू ठेवायची, दार हळू लावायचे.

बाराव्या-तेराव्या शतकात उत्तर चीनमध्ये झांग त्सोंगझेंग नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्याकडे आलेल्या एका बाईची हकिगत अशी आहे : ती प्रवासात एका सराईच्या माडीवर झोपली असता रात्री दरोडेखोर आले, त्यांनी घरे पेटवली आणि ती भीतीने पलंगावरून खाली पडली. तेव्हापासून कसलाही आवाज झाला की ती बेशुद्ध पडे. घरची माणसे मांजराच्या पावलांनी चालत. वर्ष उलटले तरी जिनसेंग आणि मोत्यांच्या औषधांनी गुण आला नव्हता. झांग यांनी तिला उंच खुर्चीवर बसवले, दोन दासींना तिचे हात धरायला सांगितले आणि समोर ठेवलेल्या छोट्या मेजावर लाकडाने जोरात प्रहार केला. ती दचकली. ‘मी लाकडाने मेज ठोकतो आहे, यात भिण्यासारखे काय?’ असे म्हणून त्यांनी थोडे थांबून पुन्हा ठोकले, मग पुन्हा. मग काठीने दार वाजवले, मग तिच्या पाठीमागची खिडकी खरडली. हळूहळू तिचे दचकणे थांबले आणि तिला हसू आले. त्या रात्री संध्याकाळपासून पहाटेपर्यंत तिची दारे-खिडक्या कोणीतरी वाजवत राहील, अशीही त्यांनी व्यवस्था केली. एक-दोन दिवसांत ती आभाळाच्या गडगडाटालाही दचकेनाशी झाली. ‘दचकणाऱ्याला स्थिर करावे’ या प्राचीन वचनातील ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ त्यांनी ‘नेहमीचे’ असा लावला. जे रोजचे झाले त्याची भीती उरत नाही.

माझ्या पत्नीला उपजिल्हा रुग्णालयातील समुपदेशकांनी नेमक्या याच मार्गाने बरे केले, हे मला ती हकिगत वाचल्यावर उमगले. त्यांनी मोबाइलवर गडगडाटाचा आवाज अगदी बारीक लावून सुरुवात केली, मी शेजारी बसून तिचा हात धरीत असे आणि आवाज आठवड्याला थोडा थोडा वाढवीत नेला. आम्ही प्रेमापोटी घरातले आवाज बंद केले होते, आणि तेच तिची भीती वाढवत होते. यंदा तिने मृगाच्या पावसात ओसरीवर उभे राहून वीज पाहिली.

झांग यांच्या परंपरेत एका भावनेने दुसरीवर मात करावी असाही विचार आहे : आनंदाने शोकावर, रागाने अतिविचारावर. अतिविचाराने झोप उडालेल्या एका बाईला त्यांनी मुद्दाम राग आणून बरे केल्याची कथा आहे. हा प्रयोग घरी कोणी कोणावर करू नये, एवढे मी हात जोडून सांगतो. वैद्याचे कसब आणि घरातले टोमणे यांत फार अंतर आहे.

समुपदेशिका, अमरावती जिल्हा

गुरुजी, तुमच्या पत्नींना माझा नमस्कार सांगा. मी गावोगावी फिरून हेच काम करते, आणि माझ्यासमोर बसलेली बाई ‘मला चिंता वाटते’ असे वाक्य जवळपास कधीच उच्चारत नाही. ती म्हणते, जीव घाबरते, हातापायांतून मुंग्या जातात, डोक्यात वारे शिरले, छातीवर दगड ठेवल्यासारखे होते. चीनमध्येही असेच आढळले होते. १९८० मध्ये आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञांनी हुनान प्रांतात ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी ८७ जणांत नैराश्याचा आजार दिसून आला. ते रुग्ण डोकेदुखी, थकवा आणि झोप यांविषयी बोलत होते, कारण देहाची तक्रार सांगितली की माणसाला लाज वाटत नाही. म्हणून वर्धाकाठ ताई, आईला ‘तुला नैराश्य आहे’ असे पटवत बसू नका. ‘ती आठोळी विरघळायला ही गोळी रोज घ्यावी लागते’ असे म्हटले तर त्यात खोटे काही नाही आणि तिचा मानही राहतो.

आमच्या जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला होता. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघरी जाऊन अशा शब्दांतल्या तक्रारी ऐकल्या आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १८ महिन्यांत २७.२ टक्क्यांवर गेले. ऐकून घेणारे माणूस गावात असणे, हा त्यातला मुख्य भाग होता. तुमच्याकडेही आशाताई आहेत. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ पासून सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाबद्दल त्यांना विचारा. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर १४४१६ या टेली-मानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. आईच्या तोंडी ‘आता जगून काय करायचे’ असे शब्द कधी आले, तर विषय बदलू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही.

चिनी लोक सकाळी बागेत संथ हालचाली आणि श्वास यांचा जो सराव करतात, त्याला छिगोंग म्हणतात. श्वास लांबवत नेणे हा त्याचा गाभा आहे. तुमच्या गावात संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना होत असेल तर आईला तिथे नेऊन बसवा. चार जणींसोबत एका लयीत म्हणताना श्वास आपोआप लांबतो आणि घरातून पाऊल बाहेर पडते. चिनी नाव नसल्यामुळे त्याचे मोल कमी होत नाही.

आणखी एक गोष्ट विचारते. तुम्ही आईबद्दल एवढे बारकाईने लिहिले. ज्याच्या अंगावर शेत, बोंडअळी आणि सोनोग्राफीचा खर्च असे सगळे आले, त्या तुमच्या भावाची विचारपूस कोणी केली आहे का?

वर्धाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आले. पाकीट परत केले आणि घटक विचारले. त्या गृहस्थांनी वही पाहून दहा-बारा नावे सांगितली, त्यांत ज्येष्ठमध होते. नोंदणी क्रमांक त्यांनी दाखवला आणि सुया नव्याच वापरतात, हे मी समोर उभे राहून पाहिले. बीपीविषयी त्यांना आईने सांगितलेच नव्हते, त्यामुळे सगळा दोष त्यांच्याकडे जात नाही. सुया पंधरा दिवसांतून एकदा चालू ठेवायचे ठरवले आहे. रोजची गोळी आता भाऊ रात्रीच्या जेवणानंतर स्वतः हातावर देतो आणि कॅलेंडरवर खूण करतो. आठोळीचा इतिहास आईला सांगितला, तेव्हा तिने दोनदा विचारले की एवढ्या जुन्या काळी तिकडच्या बायांनाही असेच होत होते का. नंतर ती स्वयंपाकघरात बाबांबद्दल बोलू लागली आणि बोलता बोलता रडली. मी तिला थांबवले नाही.

समुपदेशिका ताई, तुमचा शेवटचा प्रश्न मी रात्री गोठ्याजवळ भावाला विचारला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘पहाटे तीनला आई उठते ना, तवा मी जागाच रायतो.’ मंगळवारी मी रजा काढली आहे, दोघांनाही घेऊन जाते.